‘टेबल’चा उलटा अर्थ

अमेरिकी सिनेटमध्ये एक ठराव ‘पटलावर ठेवण्यात आला’, अशी बातमी आपल्या अंकात वाचली. मूळ इंग्रजीत ‘टेबल’ हे क्रियापद असणार आणि तिथेच अर्थाची उलटापालट झाली. ब्रिटिश इंग्रजीत ठराव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे. मराठीतले ‘पटलावर ठेवणे’ त्याच वळणाचे. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ ठराव बाजूला सारणे. सिनेटमध्ये तशी सूचना आली की तिच्यावर चर्चा होत नाही, थेट मतदान होते. साध्या बहुमताने ती मंजूर झाली की मूळ ठराव निकालात निघतो. म्हणजे निकालात निघालेला ठराव वाचकांना नुकताच चर्चेला आलेला वाटला! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांत याच शब्दावरून बराच वेळ वाद झाला; हवे होते दोघांनाही एकच, असे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. भाषांतर करताना बातमी कोणत्या देशातली, हे आधी पाहावे. अमेरिकेतली असेल आणि पुढच्याच वाक्यात मतांचे आकडे असतील, तर ‘ठराव बाजूला सारला’ असेच लिहावे.

— एक भाषांतरकार