नापास लॉट वेबसाइटवर ‘उपलब्ध’ दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
(हे पत्र सपोर्ट विभागाकडे परत पाठवू नये. तक्रार तिथूनच फिरून आली आहे.)

विषय : तुमच्या सॉफ्टवेअरवर उभ्या केलेल्या आमच्या वेबसाइटवर नामंजूर बियाणे विक्रीस उपलब्ध दिसत असल्याबाबत

महोदय,

तुमच्या सपोर्टवाल्याने आत्ता फोन ठेवला. फोन ठेवायच्या आत ‘तिकीट क्लोज्ड’चा मेसेजही येऊन पडला. कामाचा उरक आहे, नाही म्हणत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर काय करतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, विकताना तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. लॉटची, म्हणजे बियाण्याच्या एका खेपेची, नोंद एकदाच करायची. ती प्रयोगशाळा, क्वालिटी, गोडाऊन अशा मंजुरीच्या टप्प्यांतून सरकत जाणार आणि त्याच डेटावर कंपनीची वेबसाइट चालणार. डीलरने लॉट नंबर टाकला की उगवणशक्ती, चाचणीची तारीख, वैधता, शिल्लक बॅगा, सगळं समोर. ‘डायनॅमिक’ हा शब्द तुमच्या कोटेशनच्या पानापानावर आहे.

मे अखेरीस सोयाबीनच्या एका लॉटची फेरतपासणी झाली. उगवण आली ५८ टक्के. किमान ७० लागते. लॅबने लॉट नामंजूर केला, तुमच्या सॉफ्टवेअरने तो अडवलाही. गोडाऊनच्या स्क्रीनवर लाल खूण, डिस्पॅचचं बटण बंद. इथपर्यंत शाबास. वेबसाइटवर मात्र तोच लॉट हिरव्या अक्षरांत झळकत राहिला : उपलब्ध, उगवण ७८ टक्के.

मंठ्याच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्याने ते बघून बुकिंग केलं, आगाऊ रक्कम भरली, टेम्पो पाठवला. गेटवर आमच्या गोडाऊन कीपरने माल द्यायला नकार दिला, आणि तो बरोबरच होता. डीलरचा मला फोन : “भाऊ, तुमचीच वेबसाइट म्हणती माल हाये, अन् तुमचाच माणूस म्हणतो देता येत नाही. मी शेतकऱ्याला काय सांगू?” मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला सुचत असेल तर कळवा, त्याला फोन करून सांगतो.

कारण तुमच्याच इंजिनिअरने एकदा बोलता बोलता सांगून टाकलं. वेबसाइट मूळ डेटा वाचतच नाही, साठवून ठेवलेली प्रत दाखवते. नवी नोंद झाली की ती प्रत ताजी होते. जुन्या नोंदीचा नुसता दर्जा बदलला, मंजूरचं नामंजूर झालं, तर होत नाही. म्हणजे लॉट आत येताना दिसतो, बाद होताना दिसत नाही. याला तुमच्याकडे ‘बाय डिझाइन’ म्हणतात. जालन्यात संकरित बियाण्याचा धंदा १९६० च्या दशकापासून चालू आहे. वह्यांच्या काळात नापास लॉटवर लाल शाईची रेघ मारायचे आणि ती वही उघडणाऱ्या प्रत्येकाला त्याच क्षणी दिसायची.

तुम्हाला ही बारीक गोष्ट वाटत असेल. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हापासून इथला शेतकरी पिशवीवरचा टॅग वाचतो, गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून घरी उगवण बघतो. उद्या बियाणे निरीक्षकाने आमची वेबसाइट उघडली तर नामंजूर माल विक्रीला ठेवला म्हणून आम्ही धरले जाऊ. बियाणे कायदा १९६६ चा आहे, त्यात ‘बाय डिझाइन’ असं कलम नाही.

आता आजच्या फोनबद्दल. आमच्या लॅबच्या ताईंनी केला होता. परभणीच्या कृषी विद्यापीठातून त्यांनी एमएस्सी केलंय आणि तुमचं सॉफ्टवेअर इथे त्याच चालवतात. पहिला प्रश्न : “मॅडम, पेज रिफ्रेश केलं का?” केलं. “कॅशे क्लिअर केला का?” केला. “दुसऱ्या मोबाइलवर बघा ना.” अहो, मंठ्याचा माणूस दुसऱ्याच मोबाइलवर बघत होता, तीच तर तक्रार आहे! मग म्हणे, “तुमच्याकडे कोणी टेक्निकल पर्सन असेल तर त्यांना फोन द्या.” ताई म्हणाल्या, मीच आहे. थोडं थांबून त्याने विचारलं, “तसं नाही, सर वगैरे कोणी?”

ताईंनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. माझा आवाज ऐकताच साहेबांना कंठ फुटला. “सर, तुमचा सीड्सचा बिझनेस ना? फार्मर लोक कुठे वेबसाइट बघतात? एक काम करा, रोज सकाळी स्टॉकची पीडीएफ बनवून टाकत जा, प्रॉब्लेमच नाही.”

पीडीएफ. एवढी रक्कम मोजून, वर वार्षिक देखभालीचे पैसे वेगळे भरून, पीडीएफ. ती तर आमच्या गल्लीतला झेरॉक्सवालाही करून देतो आणि तो ताईंना ‘सर आहेत का’ असं विचारत नाही.

बाकीचं थोडक्यात. मराठीत भरलेली पिकांची नावं वेबसाइटवर प्रश्नचिन्हं होऊन येतात. सोयाबीनच्या जागी सात, तुरीच्या जागी तीन. प्रश्नचिन्हं मोजून पीक ओळखायला डीलर शिकलेत, बदनापूरच्या तुरीचं वाण मागतानाही तीनच मोजतात. यावर तुमचा सल्ला, इंग्रजीत भरा. दुसरं, वेबसाइट बघायला आलेला प्रत्येक जण तुमच्या हिशेबात परवानाधारक वापरकर्ता धरला जातो. मृग निघाला, पाऊस झाला, डीलर एकदम तुटून पडले आणि वेबसाइटवर ‘लायसन्स लिमिट एक्सीडेड’. गिऱ्हाईक दुकानात शिरलं म्हणून शटर खाली ओढणारा दुकानदार मी अजून पाहिला नाही. उपाय म्हणून तुमच्या सेल्सवाल्याने लगेच जादा परवान्यांचं कोटेशन पाठवलं. त्या खात्याचा फोन मात्र पहिल्या रिंगला उचलला जातो.

हे पत्र लिहिताना पुन्हा वेबसाइट उघडून बघितली. तो नापास लॉट अजून हिरवाच आहे.

मला एवढंच हवं आहे. लॉट नामंजूर झाला की तो त्याच मिनिटाला वेबसाइटवरून उतरला पाहिजे. नुसतं बघायला येणाऱ्यांना परवान्यात मोजणं बंद झालं पाहिजे. मराठी मराठीतच दिसली पाहिजे. आणि ताईंची लेखी माफी. हे पेरणी आटोपायच्या आत झालं नाही तर देखभालीचा पुढचा हप्ता मिळणार नाही, आणि आमचा सगळा डेटा मंजुरीच्या नोंदींसकट वापरता येईल अशा स्वरूपात परत द्यावा लागेल. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक आयोगात बसत नाही, हे तुमचे वकील सांगतीलच. आमच्या वकिलांनीही सांगितलं, सोबत करार कायद्याचं कलम ७३, करार मोडल्यास नुकसानभरपाईचं, तेही दाखवलं. बुडालेली बुकिंगं आम्ही एकेक करून लिहून ठेवतो आहोत.

वाईट याचं वाटतं की एमआयडीसीतल्या आणखी दोघांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं. त्यांना आज फोन करतो आहे.

संचालक,
बियाणे उत्पादक कंपनी, जालना

प्रत : आमचे वकील