क्रोएशियातला शेतघर-मुक्काम : निघण्याआधी वाचा

सभासद मंडळी, लिका भागातल्या शेतघराचं बुकिंग पक्कं झालं. हे हॉटेल नव्हे, मालकीणबाई स्वतः रांधतात. पहिल्या रात्री ‘पेका’ आहे : मांस-बटाट्यांवर जड झाकण, त्यावर निखारे, आणि मग निवांत वाट बघायची. शाकाहारींनी शुक्रवारपर्यंत कळवा. आयत्या वेळी सांगितलंत तर पाव-चीजवर भागवावं लागेल, तक्रार चालणार नाही.

प्लिटवित्से या तळ्यांच्या राष्ट्रीय उद्यानाची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, त्यामुळे सकाळी चहावर रेंगाळू नका. 16 तळी आणि लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत. पाणी बघून मोह होईलच, पण पोहायला सक्त मनाई आहे.

रास्तोके या छोट्या गावात मात्र घाई नाही. तिथे स्लुंचित्सा नदी कोराना नदीत उतरताना घरांच्या मधूनच कोसळते, आणि जुन्या पाणचक्क्याही आहेत. माझ्या मते गर्दीच्या प्लिटवित्सेपेक्षा हेच जास्त आवडेल.

गवतात गोचिडी असतात. फुल पँट, लांब मोजे आणा. 2023 पासून तिथे युरो चालतो आणि देश शेंगेनमध्ये (आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात) आहे, तरी पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट जवळ ठेवा, वाटेत तपासणी होऊ शकते. गाडीत जागा असलेल्यांनी ग्रुपवर लिहा.