हजार सीसीचं नंतर बघू

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. ऑइल निथळत होतं, दोन्ही हात बरबटलेले, त्यामुळे धड बोलता आलं नाही. पण तुझं एक वाक्य तेव्हापासून मनात घोळतंय. "रेसिंग करायचंच आहे तर थेट हजार सीसीची बाइक घेतो, ती साडेसहाशेची दोन सिलिंडरवाली म्हणजे शिकाऊ पोरांची गाडी," असं म्हणालास. मी घाईत हो-ला-हो केलं. तसं करायला नको होतं. तू सौदा पक्का करायच्या आत सगळं सविस्तर सांगावं म्हणून लिहायला बसलोय.

मी सुरुवात चार सिलिंडरच्या सहाशेवर केली, तुला आठवत असेल. ट्रॅक डेला, म्हणजे रेस नसताना हौशी लोकांना ट्रॅकवर गाडी पळवायला मिळते त्या दिवशी, तीच घेऊन जायचो. वळणाच्या फार आधी ब्रेक मारायचो, आत भलतीकडेच शिरायचो, थ्रॉटल उघडायला उशीर करायचो, आणि तरीही पुढच्या सरळ पट्ट्यावर चार-पाच जणांना मागे टाकायचो. सगळं इंजिन भरून काढायचं. असे दोन मोसम गेले. लॅप टायमिंग जागचं हललं नाही, पण कुणाला तरी मागे टाकल्याच्या आनंदात ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मग ओळखीतल्या एकाने त्याची जुनी सुझुकी एसव्ही ६५० विकायला काढली आणि मी ती घेतली. ही गाडी १९९९ मध्ये आली. माझी पहिल्या पिढीतली, कार्ब्युरेटरवाली. फ्युएल इंजेक्शन २००३ च्या मॉडेलपासून आलं. इंजिन ६४५ सीसीचं, ९० अंशांचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडर इंग्रजी व्ही सारखे), ताकद जेमतेम सत्तर अश्वशक्ती. ९० अंशांच्या रचनेत एका पिस्टनचा हादरा दुसरा मोडून काढतो, म्हणून बॅलन्स शाफ्टशिवाय (हादरे मारणाऱ्या जादा दांड्याशिवाय) ही इंजिन गुळगुळीत फिरतं. खालपासूनच ओढ मिळते आणि इंजिन चिवट आहे. जगभरच्या रेसिंग क्लबांमध्ये ती इतकी का रुजली ते पहिल्याच दिवशी कळलं. त्याच दिवशी हेही कळलं की मला गाडी चालवता येत नाही. वळणात पाच किलोमीटरचा वेग घालवला की तो पुढच्या सरळ पट्ट्यावर परत मिळतच नाही. चूक झाली की पुढच्या ब्रेकिंगपर्यंत ती तुझ्यासोबत असते, आणि ती कुठे झाली तेही तुला नेमकं माहीत असतं.

एक वळण सांगतो. लांब सरळ पट्टा, शेवटी उजवीकडे वेगात घ्यायचं. माझा वेग तिथे १६० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण ४४ मीटर. वळणाला शंभर मीटर उरल्याची पाटी असते, मी तिच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक मारायचो. माझ्या तिसऱ्या की चौथ्या रेसमध्ये तिथे एक पन्नाशीचे गृहस्थ मला बाहेरून ओलांडून गेले. त्यांच्याकडेही पहिल्या पिढीची एसव्हीच, तसाच आवाज, तेवढीच ताकद. त्यांनी पाटी मागे गेल्यावर ब्रेक धरला आणि गाडी झोपवायला लागल्यावरही तो हळूहळू सोडत आत गेले. त्यामुळे फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, दबलेलाच राहिला, पुढच्या टायरवर वजन राहिलं आणि गाडी घट्ट वळली. मी मात्र ब्रेक एकदम सोडून टाकायचो, फोर्क उसळी मारायचा आणि गाडी बाहेर पळायची. ते सगळं मला माझ्याच गाडीसारख्या गाडीवर, दोन हातांवरून दिसलं. तुझ्या हजार सीसीवर हे दिसलं नसतं. कुणी पुढे गेलं तर आपण म्हणतो, त्याची गाडी भारी आहे. इथे ती सोय नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. काय शिकायचं ते पहिल्यांदाच कळलं होतं.

एसव्हीच घे असं नाही. कावासाकीची ६४९ सीसीची पॅरलल ट्विन (दोन सिलिंडर शेजारी-शेजारी) आहे, यामाहाची एमटी-०७ आहे, ६८९ सीसीची. त्याच इंजिनवर पुढे आर७ निघाली. एप्रिलियाची आरएस ६६० या सगळ्यांत जास्त ताकदीची, पण पहिल्या वर्षी इतकी नवी गाडी आडवी पाडायची तयारी आहे का ते स्वतःला विचार. अंगाने हलका असशील तर निंजा ४०० किंवा ३२१ सीसीची आर३ सुद्धा उत्तम. आणि शिकाऊ म्हणतोस म्हणून सांगतो, आइल ऑफ मॅन टीटी या बेटावरच्या प्रसिद्ध रोड रेसमध्ये २०१२ साली लाइटवेट गट परत आणला तो याच साडेसहाशेच्या ट्विन गाड्यांसाठी. रायन फार्क्वारने कावासाकीवर तो जिंकला. अमेरिकेत मोटोअमेरिका या रेसिंग मालिकेने २०१८ मध्ये दोन सिलिंडरवाल्यांसाठी ट्विन्स कप सुरू केला. गाडी घेण्याआधी तुझ्या क्लबचं नियमपुस्तक मात्र नीट वाच. कुठली गाडी कुठल्या गटात बसते, इंजिनात काय बदलता येतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

इंजिनाला हात लावू नकोस. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स तपास, चांगलं ऑइल घाल, बस. कळकळीने सांगतोय, कारण एक्झॉस्ट आणि ट्यूनिंगमध्ये माझं पहिलं वर्ष वाया गेलं.

लक्ष दे ते सस्पेन्शनकडे. यातल्या बऱ्याच गाड्या रोजच्या वापरासाठी बनल्या, त्यामुळे मूळ फोर्क साधा आणि स्प्रिंग मऊ असते. जोरात ब्रेक मारला की पुढची बाजू तळाला टेकते आणि मग टायरला रस्त्यावरचे खड्डे-उंचवटे झेलायला जागाच उरत नाही. तुझ्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बदल, आतलं डॅम्पिंग (उसळी आवरणारी यंत्रणा) सुधारून घे, मागचा शॉकअप बदल. मग सॅग मोज, म्हणजे तू बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. फोर्कच्या नळीला एक केबल टाय बांधायची, दोघांनी गाडी धरायची, तू पूर्ण सूट घालून रेसिंगच्या बैठकीत बसायचं. पुढे तीस ते पस्तीस मिलिमीटर बसली की सुरुवातीला पुरे. हे मोजताना अंगात सूट-हेल्मेट असू दे. घरच्या कपड्यांत मोजलेला आकडा ट्रॅकवर कामाचा नाही, सूट-बूट-हेल्मेटचं वजन बरंच भरतं.

टायरचं एक. एसव्हीचं मागचं रिम साडेचार इंची, त्यावर १६०/६० चा टायर. लोक रुबाबासाठी १८० चढवतात. अरुंद रिमवर तो चिमटला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि गाडी वळायला आळशी होते. १६० च ठेव. मला या बाबतीत कुणाचंही वेगळं मत पटत नाही.

गियरिंग सोपं आहे. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला की मागे साधारण तीन दात वाढवल्यासारखं होतं. १५ आणि ४४ ऐवजी १४ आणि ४४ लावलंस तर ते १५ आणि ४७ च्या जवळपास जातं. ट्रॅकवरच्या सगळ्यात लांब पट्ट्याच्या शेवटी वरच्या गियरमध्ये इंजिन रेडलाइनच्या जरा खाली असेल असं बघ.

आता सेफ्टी वायर. याच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिल्टर, ऑइल भरायचं झाकण, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, हे सगळं बारीक स्टीलच्या तारेने बांधावं लागतं, म्हणजे बोल्ट ढिला झाला तरी निघून पडणार नाही. त्यासाठी बोल्टच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं. बोल्ट व्हाइसमध्ये घट्ट धर, आधी पंचने खूण कर, ड्रिलवर तेलाचा थेंब टाक आणि जोर लावू नकोस. मी जोर लावला, बिट आतच तुटलं आणि बोल्ट गेला. नवीन आणून परत सुरुवात. दुसऱ्यांदा बिटच्या टोकाशी बारीक कुरळे तुकडे निघायला लागले तेव्हा समजलं की बिट कापतंय, आधी ते नुसतं घासत होतं. तार ओवली की पिळत न्यायची आणि अशा बाजूने बांधायची की तिचा ताण बोल्टला आवळण्याच्या दिशेने ओढेल. माझ्या पहिल्या तपासणीत भरण्याच्या झाकणाची तार उलटी बांधलेली निघाली. तपासनीसाने बोटाने झाकण फिरवून दाखवलं, ते सहज सुटलं. मी पहिल्या प्रॅक्टिसला मुकलो आणि चिडलो नाही. ते झाकण भर वळणात उडालं असतं तर मागच्या माणसाच्या टायरखाली ऑइल गेलं असतं.

त्याच कारणाने रेडिएटरमधून कूलंट काढून साधं पाणी भर. कूलंटमधलं ग्लायकॉल रस्त्यावर सांडलं की वाळत नाही, बुळबुळीत राहतं. खालच्या फेअरिंगमध्ये ऑइल साठायला जागा हवी. आरसे, इंडिकेटर, स्टँड काढून टाक. पुढच्या ब्रेकला लिव्हर गार्ड लाव. सुटे लिव्हर, फूटपेग आणि हँडलची एक जोडी पेटीत असू दे. गाडी पडली की आधी हेच मोडतं, आणि एवढं हाताशी असेल तर दुपारची रेस चुकत नाही.

पडशील, ते आत्ताच सांगून ठेवतो. माझं पहिलं पडणं दुसऱ्याच लॅपला झालं. ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवीकडची, डावीकडचं एकच. टायरची उजवी बाजू तापलेली, डावी थंड. मी डाव्या वळणात उजव्यासारखाच भरवसा ठेवला आणि पुढचं चाक हातातून गेलं. घसरत जाताना सूटच्या खांद्यावरून आलेली खरवड अजून आठवते, आणि आवाज एकदम बंद झाल्यावरची शांतता. मला काही लागलं नाही कारण अंगात एकसंध लेदर सूट होता, आत बॅक प्रोटेक्टर, मनगटावर चढणारे हातमोजे. यात काटकसर करू नकोस. गाडी जुनी घे, सूट चांगला घे.

क्लबचं रेसिंग स्कूल आधी कर, ट्रॅक डे झालेले असले तरी. तिथे झेंडे पाठ करून घेतात. पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे रेस थांबली, वेग कमी करून परत ये. काळ्यावर नारिंगी गोळा तुझ्या नंबरसोबत दाखवला तर तुझ्या गाडीतून काहीतरी गळतंय किंवा लोंबतंय, लगेच ट्रॅकच्या बाहेर हो. पांढऱ्याचा अर्थ सगळीकडे एक नाही, कुठे पुढे हळू वाहन आहे असा, कुठे शेवटची लॅप असा, तेव्हा तुमच्याकडचा नीट विचारून घे.

स्टार्टला मागच्या रांगेत राहा, पहिल्या रेसमध्ये तरी. पहिल्या वळणात वीस-पंचवीस गाड्या एकदम शिरतात, कोपरं एकमेकांना लागतात, आणि डोळे आपोआप समोरच्याच्या मागच्या चाकाला चिकटतात. तिथून डोळे उचलून वळणाच्या आत, पुढे बघायचं, एवढंच काम पहिल्या दिवशी कर. कितवा आलास ते मला सांगू नकोस, ब्रेक कुठल्या खुणेला मारलास ते सांग.

पुढच्या फेरीला मला मदतीला एक माणूस हवा आहे, तू ये. टायर वॉर्मर लावणं, मागचा स्टँड धरणं, लॅपच्या वेळा लिहिणं. दोन दिवस पिटमध्ये राहिलास की या गाड्या जवळून बघशील, कुणाची तरी विकायलाही असेलच. आणि पत्र वाचून झालं की तुझं हेल्मेट काढून आतल्या लेबलवरची तारीख बघ. पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर बऱ्याच ठिकाणी तपासणीत चालत नाही, आणि तुझं मला आठवतं तेव्हापासून तेच निळं आहे.

तुझा,
जुना सवंगडी