शनिवारवाड्यापासून ८८ मीटरवर : केंद्रीय संस्कृती मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असलेल्या जुन्या राहत्या घरांच्या पुनर्बांधणीस परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

पुण्यात शनिवारवाड्याच्या हद्दीपासून ८८ मीटरवर आमचा वाडा आहे, आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत जुनं घर पाडून पुन्हा बांधायला कायद्यानं बंदी आहे. हे अंतर मी अंदाजानं सांगत नाही, गेल्या वर्षी सर्व्हेयर बोलावून मोजून घेतलं. तो फीत गुंडाळत म्हणाला, "काकू, बारा-तेरा मीटर मागे असता तर सुटला असता." आमच्या मागच्या आळीतलं घर १०४ मीटरवर आहे. त्यांनी जुना वाडा उतरवला, रीतसर परवानगी मिळाली, नवीन इमारत उभी राहिली, माणसं राहायलाही आली. आमच्याकडे मात्र सहा कुटुंबं लाकडी टेकूंच्या आधारानं राहतायत.

मी या घरात १९८४ साली सून म्हणून आले. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. चौथीच्या वर्गाला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो, म्हणून दर वर्षी मुलांची रांग करून लाल महाल दाखवायला न्यायचे आणि परतताना शनिवारवाड्यात थोडा वेळ बसवायचे. दिल्ली दरवाज्याचे अणकुचीदार खिळे मुलांनी हात लावून पाहिले, की मग हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते कसे बसवले हे सांगायला फार शब्द लागत नसत. १८२८ च्या आगीत आतली सगळी लाकडी इमारत जळून गेली, राहिले ते तट, दरवाजे आणि जोती. ती जोती बघताना एखादं पोर हमखास विचारायचं, "बाई, मग लोक कुठं राहायचे?" हे सांगायचं कारण एवढंच, की या वास्तूची आम्हाला अडगळ वाटते असा कुणाचा समज होऊ नये. ती आमच्या रोजच्या येण्याजाण्यातली आहे.

आता आमच्या घराविषयी. वाडा दोन चौकांचा होता, मागचा चौक सासऱ्यांच्या वेळीच पडला. आज आहे तो पुढचा चौक, तळमजला, पहिला मजला आणि वर माळा. सागवानी खांब, तुळया, कडीपाट, त्यावर मातीची भर, भिंती खाली दगडी आणि वर विटांच्या. १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा ओट्यावर पाणी आलं होतं, असं सासूबाई सांगायच्या. ते पाणी ओसरलं, पण भिंतीत मुरलेली ओल काही गेली नाही. पूर्वेची भिंत मधोमध फुगली आहे. खांबांना वाळवी लागली आहे. वरून रंग दिलेला खांब धडधाकट दिसतो, पण किल्लीनं टोचलं की किल्ली आत जाते.

माझ्या मिस्टरांनी या भिंतीच्या भेगेशेजारी पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली, ती आजही चालू आहे. दर दिवाळीला ते भेगेच्या टोकाशी आडवी रेघ मारतात आणि शेजारी साल लिहितात. घरात मुलांची उंची भिंतीवर लिहितात, तशा या रेघा वर चढत गेल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरनं भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलत असेल तर काच तडकेल, म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे बारीक आवाज झाला. मी उठून बॅटरी लावून पाहिलं, तर काच तडकली होती. त्या रात्रीनंतर त्या खोलीत कुणी झोपत नाही.

आम्ही नियम पाळले. १०० मीटरच्या आत दुरुस्ती चालते, असं कळल्यावर दुरुस्तीचा अर्ज केला, कागद जोडले, फोटो लावले, हेलपाटे घातले, परवानगी आणली. सुतारानं एक तुळई बदलायला घेतली, तर तिच्या शेजारच्या दोन कड्या हातात आल्या. भिंतीला हात लावावा तर माती भसाभसा खाली येते. तो वयस्क माणूस आहे, पेठांतले वाडे दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. तो खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "ताई, आभाळ फाटलंय, ठिगळ कुठंकुठं लावू?" त्यानं पैसे घेतले नाहीत. टेकू मात्र लावून गेला. तेच आजही उभे आहेत.

मंत्रिमहोदय, इथे मला संरक्षित स्मारकांच्या कायद्यातली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. मी वकील नाही, पण पेन्शनर बाईला वेळ असतो आणि मी तो कायदा ओळ न् ओळ वाचला आहे. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेनं स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित ठरवले. २०१० साली १९५८ च्या मूळ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही अंतरं थेट कायद्यातच लिहिली गेली. त्याच दुरुस्तीत 'पुनर्बांधणी' या शब्दाची व्याख्या आहे : जुन्या इमारतीच्याच आडव्या आणि उभ्या मर्यादेत पुन्हा उभी केलेली इमारत. म्हणजे आमच्यासारखं घर कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. अशी पुनर्बांधणी १०० ते ३०० मीटरच्या पट्ट्यात परवानगीनं करता येते. १०० मीटरच्या आत करता येत नाही. तिथे फक्त दुरुस्ती, आणि दुरुस्तीत पुनर्बांधणी येत नाही, हेही स्पष्ट लिहून ठेवलं आहे. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणजे एक इंचही न वाढवता, आहे त्याच जागेवर, आहे त्याच उंचीचं घर आम्ही पुन्हा बांधू शकत नाही. ज्याची दुरुस्ती होऊ शकत नाही त्याची दुरुस्ती करत बसायची, आणि ते पडलं की जागा मोकळी. आमच्याच आळीच्या तोंडाशी असा एक वाडा चार वर्षांपूर्वी जुलैत बसला. रात्री साडेअकराला धुळीचा लोट उठला. माणसं आधीच नातेवाइकांकडे गेली होती म्हणून वाचली. आता तिथं दुचाक्या लावतात. त्या घरातले आजोबा संध्याकाळी रिक्षानं येतात, त्या गाड्यांच्या मधून जिथं देवघर होतं तिथपर्यंत जातात आणि थोडा वेळ उभे राहतात.

आम्हाला फक्त जुन्या मापाचं घर नको आहे, तेही मी लपवत नाही. आम्हाला मोठं घर हवं आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. आमच्याकडे तीन भावांची तीन कुटुंबं आणि तीन भाडेकरू. भाडेकरूंपैकी एक कुटुंब माझ्या लग्नाच्या आधीपासून इथं आहे. त्यांना त्यांच्या हक्काची जागा मिळालीच पाहिजे, त्यावर आमच्या घरात दुमत नाही. आज प्रत्येकाकडे दोन-अडीच खोल्या आहेत, संडास परसात आणि सगळ्यांना मिळून दोन. सहा कुटुंबांना न्हाणीघर-संडासासकट घर द्यायचं, जिन्याला आणि लिफ्टला जागा सोडायची, बांधकामाचा खर्च निघावा म्हणून वर एखादा मजला विकायचा, तर तळमजला आणि वर तीन मजले एवढं तरी लागतं. जुन्या मापात हे बसत नाही. बँकेत गेलो तर पुनर्बांधणी होऊ न शकणाऱ्या घरावर कर्ज मिळत नाही. पेन्शन आणि दोन पगार यांच्यावर वाडा बांधून होत नाही.

सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या तेव्हाही त्यांना पहिल्या मजल्यावरून परसात उतरावं लागे. आमचा जिना लाकडी आहे, उभा, एका माणसापुरता, धरायला वरून सोडलेला दोर. त्या दोराला जिथं हात लागायचा तिथला भाग काळा, गुळगुळीत झाला आहे. पावसात, रात्री, मी कंदिलासारखी बॅटरी धरून त्यांच्या पुढे उतरायचे, उलटी, एकेक पायरी. शेवटची दोन वर्षं त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं होतं. हे मला त्या गेल्यावर कळलं.

शनिवारवाड्याला आमच्यापासून काय धोका आहे, हेही कुणीतरी येऊन बघावं. आमच्या गच्चीतून शनिवारवाडा दिसत नाही. मध्ये १९९२ च्या आधी बांधलेली चार मजली इमारत आहे. शनिवारवाड्याच्या तटावर उभं राहून आमच्या दिशेला पाहिलं तर तिची पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे दिसतात, आमचं कौल दिसत नाही. मी दोन्हीकडून फोटो काढले आहेत. आम्ही तिच्यामागे तिच्याहून उंच नसलेलं काही बांधलं, तर स्मारकाचं दृश्य कशानं बिघडणार? पण वर्तुळाला हे दिसत नाही. ताजमहालाला जे वर्तुळ, तेच शनिवारवाड्याला, तेच उत्तरेत जुन्या हमरस्त्यांवर अंतर दाखवायला उभारलेल्या कोस मिनारांना. देशात साडेतीन हजारांहून जास्त केंद्रीय संरक्षित स्मारकं आहेत. कुठलं माळावर आहे, कुठलं भर वस्तीत. अंबरनाथचं शिवमंदिर किंवा लोणारचं दैत्यसूदन मंदिर यांच्याभोवती माणसं राहतात. सगळ्यांना एकच फूटपट्टी.

हा कायदा का झाला, हे मला समजतं. पेठेत राहून बिल्डर कसा गिळतो हे आम्ही पाहिलं आहे. १०० मीटरची बंदी सरसकट उठवा असं कुणी म्हणालं तर मी स्वतः विरोध करीन, कारण मग उद्या दिल्ली दरवाज्यासमोर काचेचे मनोरे उभे राहतील आणि आमच्यासारखे लोक त्यात नसतीलच. २०१० च्या आधी समितीमार्फत परवानग्या दिल्या गेल्या, त्या न्यायालयात टिकल्या नाहीत आणि मग कायदा कडक झाला, हाही इतिहास मी वाचला आहे. सूट मोकाट सोडली की काय होतं, ते सरकारनं पाहिलं, म्हणून दार पूर्ण बंद केलं. पण बंद दाराच्या आत माणसं राहिली आहेत.

आणि सरकारला स्वतःला अडचण आली तेव्हा दाराचा विचार झालाच. केंद्राच्या सार्वजनिक कामांना प्रतिबंधित क्षेत्रात परवानगी देता यावी म्हणून दुरुस्ती विधेयक आणलं गेलं, जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूरही झालं. पुढे राज्यसभेत ते निवड समितीकडे गेलं आणि कायदा झाला नाही. त्या विधेयकात रस्ते होते, पूल होते. आत राहणाऱ्यांच्या घरांचा त्यात विषय नव्हता. आमच्याच पुण्यात आगाखान पॅलेसच्या १०० मीटरमुळे मेट्रोचा मार्ग बदलून कल्याणीनगरमधून न्यावा लागला. मेट्रोला वळसा घालता आला. आमच्या जोत्याला कुठं वळवणार?

माझी मागणी अशी. १६ जून १९९२ च्या आधीपासून जे घर राहतं आहे आणि जे धोकादायक ठरलं आहे, त्याच्या मालकांना आणि भाडेकरूंना १०० मीटरच्या आतही पुनर्बांधणीचा, आणि गरजेपुरतं घर वाढवण्याचाही, अर्ज करता यावा, यासाठी कायद्यात दुरुस्ती करा. अर्ज करता यावा, एवढंच म्हणते आहे. मंजुरी तपासूनच द्या. घराची उंची किती असावी, हे फुटांत न ठरवता स्मारकावरून ठरवा. आमच्यापुरतं सांगते, दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्याच्या माथ्याहून एक वीटही वर नको, हे आम्ही स्टँपपेपरवर लिहून देतो. दर्शनी भागाला लाकडी महिरप, कौलाचा उतार, रंग काय हवा ते सांगा, तसंच करू. कायद्यातच प्रत्येक स्मारकासाठी वारसा उपनियम करायची तरतूद आहे, तीत हे सगळं घालता येईल. पाया खणताना आपल्या खात्याचा माणूस पहिल्या दिवसापासून खड्ड्याशी उभा राहू दे. पेठेच्या जमिनीखाली जुनं पुणं आहे, ते आम्हालाही बघायचं आहे. काही निघालं तर काम थांबवू. घर त्याच कुटुंबांनी राहायला घ्यावं, पंधरा वर्षं विकू नये, अशी अट घाला. ती आम्हाला जड नाही.

आणि हे काहीच शक्य नसेल, स्मारकासाठी आमची जागा मोकळीच हवी असेल, तर तसं सरळ सांगा आणि मोबदला द्या. राज्य सरकारशी बोलून टीडीआर (इथला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा) द्या किंवा जागा संपादित करा. भाडेकरूंसकट सगळ्यांचं पुनर्वसन करा. आम्ही जाऊ. दुःखानं जाऊ, पण जाऊ. आज मात्र जागा आमची, कर आमचा, जबाबदारी आमची, दर मे महिन्यात दारावर लागणारी धोकादायक इमारतीची नोटीस आमच्या नावाची, आणि बांधायचा हक्क नाही.

पुढचा पावसाळा फार लांब नाही. त्याआधी आपण किंवा आपला एखादा अधिकारी एकदा येऊन पाहून जावा, अशी विनंती आहे. फाइल नको, फोटो नकोत, भेगेवरच्या रेघा बघा, तटावरून आमच्या बाजूला बघा. मी दुपारी चारनंतर घरीच असते. दिंडी दरवाज्यातून आत आलं की डावीकडे जिना आहे. वर येताना उजव्या हाताला दोर आहे, तो धरून या. चौथी पायरी हलते, तिच्यावर भार देऊ नका.

आपली नम्र,
शनिवारवाड्याजवळच्या एका जुन्या वाड्यात राहणारी निवृत्त शिक्षिका, पुणे