प्लॅन वाढवण्याआधी फायरवॉलच्या रांगा तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॉलेज असो, पतसंस्था असो की लहान रुग्णालय, नेट रखडलं की उपाय ठरलेला: मोठा प्लॅन घ्या. १०० एमबीपीएसचे २०० होतात, बिल वाढतं आणि तक्रारी होत्या तिथेच राहतात. अनेकदा लाइन पुरेशी असते. घोळ असतो तो फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या दाराशी येणारी-जाणारी वाहतूक हाताळणाऱ्या उपकरणात, विभागवार बांधलेल्या रांगांत, म्हणजे क्यूंमध्ये. एका विभागाची मोकळी बँडविड्थ दुसऱ्याला मिळत नाही, नाहीतर एकच रांग सगळं ओरपते. लहान संस्थांत हे काम करणारे मायक्रोटिक कंपनीचे राउटर सर्रास दिसतात, म्हणून त्याच्याच शब्दांत लिहितो.

प्रत्येक रांगेला दोन आकडे असतात. लिमिट-अ‍ॅट म्हणजे गर्दीतही मिळायलाच हवा असा हक्काचा वाटा. मॅक्स-लिमिट म्हणजे इतरांचं शिल्लक घेऊन जिथपर्यंत जाता येईल ती मर्यादा. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे लिमिट-अ‍ॅट कोरा ठेवून १०० एमबीपीएसचे मॅक्स-लिमिटमध्येच ४०-३०-३० असे तुकडे पाडणं. रात्री ऑफिस बंद असतं, ४० एमबीपीएस पडून असतात आणि वसतिगृहाची रांग ३० वर डोकं आपटत असते. विनबॉक्समध्ये, म्हणजे मायक्रोटिकची सेटिंग पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये, हे बघताक्षणी कळतं. रांग ५० टक्क्यांपर्यंत हिरवी, ७५ पर्यंत पिवळी, त्यापुढे लाल दिसते. खालची रांग लाल आणि तिच्या वरची पालक रांग (सगळ्या विभागांच्या रांगा जिच्या पोटात येतात ती) हिरवी, असं दिसलं की उसनवारी अडली आहे हे नक्की.

दुसऱ्या टोकाची चूक अशी: खालच्या सगळ्यांना १०० आणि पालक रांगेला मॅक्स-लिमिटच नाही. मग फायरवॉलमध्ये रांग लागतच नाही, ती लागते नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या उपकरणात, आणि तिथे आपले अग्रक्रम कोण विचारतो? म्हणून आधी रांगा बंद करून, वाय-फायवर नव्हे तर केबलवर, गर्दीच्या वेळी खरा वेग मोजावा आणि त्याच्या ९० ते ९५ टक्के आकडा पालक रांगेला द्यावा. अपलोडचा वेगळा मोजावा. एफयूपी (ठरलेला कोटा संपला की वेग कमी) असलेल्या प्लॅनमध्ये इथे हमखास फसगत होते. कोटा संपून लाइन १० वर येते, पालक रांग मात्र ९५ धरून बसलेली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच व्हिडिओ कॉल तुटत असतील तर आधी हे बघावं.

पालक रांग ९५ धरू. ऑफिसला लिमिट-अ‍ॅट ३०, लॅबला ३०, वसतिगृहाला २०. तिघांनाही मॅक्स-लिमिट ९५. प्रायॉरिटी अनुक्रमे ३, ५ आणि ८. इथे १ सर्वांत वरचा आणि ८ सर्वांत खालचा. प्रायॉरिटी हक्काच्या वाट्याला हात लावत नाही, उरलेलं आधी कोणाला एवढंच ठरवते, आणि तेही फक्त शेवटच्या पातळीवरच्या रांगांत. पालक रांगेला प्रायॉरिटी देऊन काही होत नाही. लिमिट-अ‍ॅटची बेरीज मात्र ९५ च्या आत हवी. ती ओलांडली तर हक्काचा वाटा पुरवण्यासाठी पालकाची मर्यादाच मोडली जाते आणि सगळा हिशेब कोलमडतो.

आता चाचणी. वसतिगृहाच्या रांगेतल्या संगणकावर मोठी फाइल उतरवायला लावा. एकटीच असताना ती रांग ९५ च्या आसपास गेली पाहिजे. मग ऑफिसमधूनही तेच सुरू करा. काही सेकंदांत ऑफिस ७५ आणि वसतिगृह २० दिसायला हवं. लॅबही भरली की ४५, ३०, २०. आकडे असे हलले नाहीत तर आधी एकच पाहावं: पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, त्या रांगेत शिरतात तरी का? बाइट्सचा काउंटर शून्यावर असेल तर मर्यादा बदलत बसण्यात अर्थ नाही.

शून्याचं पहिलं संशयित कारण फास्टट्रॅक, म्हणजे चालू कनेक्शनना जवळच्या वाटेने पुढे सोडणारा नियम. घरगुती मॉडेलच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये हा नियम आधीपासून असतो, आणि त्यावरून जाणारी पॅकेट सिंपल क्यू (मायक्रोटिकमधल्या या साध्या रांगा) टाळून निघून जातात. नियम बंद केला तरी चालू कनेक्शन जुन्याच वाटेने जात राहतात, म्हणून कनेक्शन टेबल रिकामं करावं किंवा राउटर रीस्टार्ट करावा. दुसरं कारण क्रम. सिंपल क्यू वरून खाली तपासल्या जातात. संपूर्ण नेटवर्कची सरसकट रांग सगळ्यात वर असेल तर खालच्यांपर्यंत काही पोचतच नाही. तिसरं, आकड्यांची अदलाबदल: सिंपल क्यूमध्ये आधी अपलोड, मग डाउनलोड.

एका रांगेतल्या माणसांमध्ये समान वाटप करायला पीसीक्यू हा रांगेचा प्रकार वापरतात. वाटणी कशावरून करायची ते क्लासिफायर ठरवतो: डाउनलोडसाठी डेस्टिनेशन अ‍ॅड्रेस (पॅकेट जिथे जायचं तो पत्ता), अपलोडसाठी सोर्स (जिथून निघालं तो). उलटं झालं तर वाटप विद्यार्थ्यांत न होता वेबसाइटांत होतं, आणि सगळ्यात जास्त कनेक्शन उघडणारा जिंकतो. शिवाय मूळ सेटिंगमध्ये प्रत्येकाला ५० केआयबी आणि एकूण २,००० केआयबी एवढीच जागा असते, म्हणजे ४० जणांची. दोनशे मुलांच्या वसतिगृहात ती संध्याकाळीच भरते आणि पॅकेट गळू लागतात. एकूण मर्यादा वाढवावी, किंवा राउटर-ओएस ७ (मायक्रोटिकच्या प्रणालीची सातवी आवृत्ती) असेल तर एफक्यू-कोडेल हा रांगेचा दुसरा प्रकार वापरून पाहावा.

पीएफसेन्स ही दुसरी फायरवॉल वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात, तिथल्या सीबीक्यू आणि एचएफएससी या दोन रांगपद्धतींबद्दल: सीबीक्यूमध्ये ‘बॉरो’ची खूण नसेल तर उसनवारी नाही, एचएफएससीमध्ये अपर-लिमिट भरलं की शिल्लक असूनही रांग त्यापुढे जात नाही, वाटपाचं प्रमाण लिंक-शेअरने ठरतं. नियम बदलल्यावर स्टेट्स (चालू कनेक्शनच्या नोंदी) रीसेट करावीत, नाहीतर जुनी कनेक्शन जुन्याच रांगेत राहतात आणि बदल लागूच झाला नाही असं वाटतं.

देखभालीचा करार करणाऱ्या संस्थाचालकांना विनंती: ठेकेदाराकडून रांगांची लेखी नोंद घ्यावी आणि वरची चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी. त्याआधी नव्या प्लॅनच्या प्रस्तावावर सही करू नये.

आपला,
एक नेटवर्क अभियंता, नाशिक