स्टड ठोकू नका, ओढून बसवा: वस्तादांना आभारपत्र

प्रिय वस्ताद,

स्पोर्ट्स कारच्या चाकाचे स्टड, म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागातून) बाहेर आलेले, चाकाचे नट ज्यांवर आवळतात ते बोल्ट, नीट कसे बदलायचे, हे तुम्ही आम्हांला शिकवलंत. त्याचे आभार जाहीरपणे मानतो आहोत, म्हणजे तुमची पद्धत आणखी चार जणांच्या हाती पडेल.

एक स्टड तुटला की त्या हबवरचे सगळे बदलायचे, हा तुमचा हट्ट होता. सुरुवातीला तो उगाच खर्चात पाडणारा वाटतो. पण स्टडचं काम स्प्रिंगसारखं असतं, हे तुम्ही समजावलंत. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबातून येणारं घर्षण सगळा भार पेलतं. नट ढिला राहिला तर चाक अगदी बारीक हलतं, प्रत्येक फेरीत स्टड वाकतो, आणि मुळाशी तडा सुरू होतो. इम्पॅक्ट गननं (धक्के देत नट फिरवणाऱ्या यंत्रानं) जास्त आवळला तर तो कायमचा ताणला जातो आणि दाब धरत नाही. एक तुटला म्हणजे शेजारच्यांनी जादा भार सोसलेला असतोच. त्यांच्यातला तडा डोळ्यांना दिसत नाही.

मापांच्या बाबतीत तुमच्याइतकं काटेकोर कोणी असेल असं वाटत नाही. माझ्दा एमएक्स-५ आणि होंडा एस२००० ला १२ × १.५ चे आटे (व्यास १२ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर १.५), तर टोयोटा ८६ ला १२ × १.२५ चे. नुसतं बघून फरक कळत नाही. चुकीचा नट दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की आटे गेलेच. त्याहून दुर्लक्षित माप म्हणजे स्टडच्या डोक्याजवळच्या, हबच्या भोकात रुतणाऱ्या दातांच्या भागाचा व्यास. तो व्हर्निअरनं (बारीक मापाच्या मोजपट्टीनं) मोजायचा. कमी भरला तर पुढे नट सोडताना स्टड जागेवरच फिरतो, जास्त भरला तर हबचं भोक खराब होतं.

जुना स्टड काढताना कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) तारेनं टांगायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. डिस्क उतरवायची, आणि स्टडचं डोकं मागच्या मोकळ्या जागेसमोर येईपर्यंत हब फिरवायचं. हातोड्याऐवजी बॉल जॉइंटचा प्रेस (स्क्रूनं दाबून भाग बाहेर काढणारं अवजार) वापरायला लावलात, त्याबद्दल खास आभार. हातोड्याचे घाव हबच्या बेअरिंगच्या गोळ्यांमधून कड्यांवर उतरतात, तिथे बारीक खळगे पडतात, आणि नंतर चाकातून घुमल्यासारखा आवाज यायला लागतो. मग बेअरिंगला दोष दिला जातो.

नवा स्टड ओढून बसवायचा तो असा. मागून घालायचा, दात जुन्या खाचांशी जुळवायचे. पुढून कडक पोलादी वॉशरची चळत, वॉशरांच्या मध्ये ग्रीस, आणि वर आरपार उघडा नट उलटा, म्हणजे सपाट बाजू वॉशरवर. लांब दांड्याच्या पान्यानं हातानंच, सावकाश आवळायचा. जोर बराच वेळ सारखा लागतो आणि मग एकदम वाढतो. डोकं मागे टेकल्याची ती खूण. पण हातावर विसंबू नका, ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पोलादी पट्टी) डोक्याखाली सरकवून बघा, हे तुमचंच सांगणं. पट्टी आत जात असेल तर काम अपुरं आहे. अपुरा बसलेला स्टड गाडी चालताना उरलेलं अंतर सरकतो, ताण निघून जातो, आणि टॉर्क पान्यानं (ठरवलेला जोर लागला की ‘टक’ करणाऱ्या पान्यानं) बरोबर आवळलेला नटही ढिला पडतो. ओढायला वापरलेला नट चाकाला लावायचा नाही, टाकून द्यायचा.

लांब स्टड आणि स्पेसर (हब आणि चाकामधली जाड चकती) लावणाऱ्यांसाठी तुमचा हिशोब सोपा होता: नट किमान स्टडच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे. १२ × १.५ ला म्हणजे ८ पूर्ण फेरे. आणि लांब स्टडवर बंद टोपीचा नट कधीच नाही. टोपी आतून स्टडच्या टोकाला टेकते, टॉर्क पाना ‘टक’ करतो, आणि चाक मात्र दाबलेलंच नसतं. सगळ्यांत फसवी चूक हीच.

शेवटचं आवळणंही तुम्ही घाईत होऊ दिलं नाहीत. हब आणि चाकाच्या टेकणाऱ्या बाजूंचा गंज, रंग घासून काढायचा. आटे स्वच्छ आणि कोरडे. तेल लागलं तर तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. नटाची बैठक रिमशी जुळते ना, निमुळत्या रिमला निमुळता आणि गोल बैठकीला गोल, हे पाहायचं. सगळे नट आधी हातानं, मग समोरासमोरच्या क्रमानं, दोन-तीन टप्प्यांत. एस२००० ला १०८ न्यूटन मीटर, टोयोटा ८६ ला १२०. बाकी गाड्यांना त्यांच्या पुस्तिकेतला आकडा. मग ५० ते ८० किलोमीटर चालवून, चाकं पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासायचे. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला तिथल्या प्रत्येक सत्राआधी.

फीलर पट्टी आता टॉर्क पान्याच्याच पेटीत ठेवतो, वस्ताद. मनापासून धन्यवाद.

तुमचे,
हाताखाली शिकलेले सगळे