आंतरगाभा म्हणजे लोहचुंबक नव्हे

संपादक महोदय,

पृथ्वीच्या पोटात एक भलामोठा लोहचुंबक पुरलेला आहे, असे चित्र आपल्याला लहानपणापासून दाखवले जाते आणि पृथ्वीच्या अगदी मध्यभागी असलेला घन गोळा, म्हणजे आंतरगाभा, लोखंडाचा असल्याने तोच हा चुंबक, असा समज त्यातून पक्का होतो. हा समज चुकीचा आहे. लोखंडी खिळा ज्योतीत धरून चांगला लालभडक केला, तर चुंबक त्याला ओढत नाही. निवल्यावर मात्र पुन्हा ओढू लागतो. ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचा हा गुण टिकत नाही, आणि आंतरगाभ्याचे तापमान तर पाच हजार अंशांच्या घरात आहे.

चुंबकीय क्षेत्र तयार होते ते बाह्यगाभ्यात, म्हणजे आंतरगाभ्याभोवतीच्या सुमारे २,२६० किलोमीटर जाडीच्या वितळलेल्या लोखंड-निकेलच्या थरात. हा द्रव सतत घुसळला जातो, पृथ्वीच्या परिवलनामुळे त्याच्या प्रवाहांना पीळ बसतो आणि आधीच्या क्षेत्रातून वाहताना त्यात विद्युतप्रवाह निर्माण होऊन ते क्षेत्र टिकून राहते.

मग १९३६ साली इंगे लेहमन या डॅनिश विदुषीने भूकंपलहरींवरून शोधलेल्या आंतरगाभ्याचे काम काय? तो हळूहळू वाढतो, हेच त्याचे मोठे काम. समुद्राचे पाणी गोठताना बर्फ जसा मीठ बाहेर टाकतो, तसे त्याच्या पृष्ठभागावर लोखंड गोठताना ऑक्सिजन, सिलिकॉन यांसारखी हलकी द्रव्ये द्रवातच मागे राहून वर चढतात, शिवाय गोठण्याची उष्णताही बाहेर पडते, आणि घुसळण चालू ठेवणारे बरेचसे बळ यातूनच मिळते. ही वाढ वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर आहे! अर्थात, सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांतही चुंबकीय क्षेत्राच्या खुणा सापडतात आणि आंतरगाभा त्याहून बराच तरुण मानला जातो. त्यामुळे तो नसतानाही केवळ गाभ्याच्या थंड होण्यावर हे काम भागत असले पाहिजे. शिवाय, घन आणि विद्युतवाहक असल्याने त्याच्यातील क्षेत्र सावकाश बदलते, आणि म्हणून बाहेरच्या द्रवातील अल्पकालीन उलथापालथींना तो आवर घालतो, असे १९९३ मध्ये मांडल्या गेलेल्या गणिती प्रतिमानांतून दिसते.

२०२३ मध्ये ‘पृथ्वीचा गाभा थांबला’ अशा मथळ्यांनी अनेकांना धास्ती वाटली. पेकिंग विद्यापीठातील संशोधकांचे म्हणणे एवढेच होते की, २००९ च्या सुमारास आंतरगाभ्याचे प्रावरणाच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या खडकाच्या जाड थराच्या, तुलनेतील फिरणे जवळजवळ थांबले, म्हणजे तो प्रावरणाच्याच वेगाने फिरू लागला. ‘प्रावरणाच्या तुलनेत’ हे दोन शब्द मथळ्यात बसवणे काही अवघड नव्हते.

आपला,
एक वाचक